जुनी दप्तरे आणि नवी यंत्रे



या वसंत व्याख्यानमालेसाठी विषय विचारण्यास चालक मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की, एकाच जुन्या डेटाबेसचा उपयोग निरनिराळ्या जातींच्या संगणकांना कसा करू द्यावा, या विषयावर आम्ही बोलू. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. त्यांपैकी एकाने अदबीने विचारले, "लोक येतील ना?" तेव्हा आम्ही म्हणालो, "बरे, मग असे करा, सातबाऱ्यावर बोलतो असे जाहीर करा." त्याबरोबर त्यांचे चेहरे खुलले. आज हे मैदान भरलेले दिसते त्याचे श्रेय आमचे नसून सातबाऱ्याचे आहे, याची आम्हांस पुरती जाणीव आहे. पण आम्ही आपणांस फसविलेले नाही. हे दोन विषय वास्तविक एकच आहेत.

प्रारंभ आपल्या गावाच्या नावापासूनच करू. खेड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जगबुडीचा काठ, भरणे नाका आणि पलीकडे रसाळगडाची रांग उभी राहते. पण पुणे जिल्ह्यात भीमेच्या काठी दुसरे खेड आहे. तेथल्या गावाला आज राजगुरुनगर म्हणतात, तालुक्याचे नाव मात्र खेडच आहे. कोण कोणत्या खेडचा हे माणसाला बोलण्याच्या ढंगावरून कळते, टपालवाल्याला जिल्ह्याच्या नावावरून कळते. यंत्राला ढंग कळत नाही. दोन कचेऱ्यांच्या याद्या यंत्राने एकत्र केल्या आणि त्या केवळ गावाच्या नावावर जुळविल्या, तर आमच्या खेडचा माणूस भीमेच्या काठी जाऊन बसेल आणि त्याचा त्याला पत्ताही लागणार नाही. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारला, त्यात गावाच्या नावाशेजारी गावाचा सांकेतिक क्रमांक छापण्याचे ठरले. पुष्कळांना तो आकडा निरर्थक वाटला असेल. परंतु यंत्राच्या जगात आपल्या गावाला दुसऱ्या सारख्या नावाच्या गावापासून वेगळा ठेवणारा आधार तो आकडाच आहे. आजचा सगळा विषय या लहानशा गोष्टीत साठविलेला आहे. माणसाला जे न लिहिता कळते, ते यंत्राला लिहून द्यावे लागते.

आता डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. शब्द परका आहे, वस्तू परकी नाही. रकाने आखलेले, ठराविक नमुन्याचे आणि परस्परांशी आकड्यांनी बांधलेले दप्तर म्हणजे डेटाबेस. तलाठ्याचे दप्तर हा त्याचा उत्तम मासला आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. त्यात जमीन कोणती, क्षेत्र किती, आकार किती, धारण करणारा कोण आणि इतर हक्क कोणाचे हे येते. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हे दोन्ही एका कागदावर येतात म्हणून आपण त्याला सातबारा म्हणतो. नमुना सहा म्हणजे फेरफारांची वही. नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराची सर्व जमीन एके ठिकाणी दाखविणारा खातेउतारा. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो आपण पाहिलाच असेल. तो फेरफाराचा क्रमांक. नाव कसे आले, वारसाने की खरेदीने, हे जाणावयाचे असेल तर तो क्रमांक घेऊन नमुना सहा उघडावा. एका वहीतील आकडा दुसऱ्या वहीचे पान दाखवितो, ही ती युक्ती.

१९७० सालच्या जून महिन्यात एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. तो आयबीएम कंपनीत काम करीत असे. तोवर संगणकातील माहिती ज्या आज्ञावलीसाठी साठविली, तिच्याशीच जखडलेली असे. आज्ञावली बदलली की माहिती मुकी होई. कॉडने असे मांडले की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्ते एकमेकांशी त्यांतील आकड्यांनीच जोडावेत, आणि वापरणाऱ्याला ती आत कोणत्या कपाटात कशी रचली आहे हे ठाऊक असण्याची गरज राहू नये. आजच्या बहुतेक मोठ्या डेटाबेसांचा पाया तो निबंध आहे. आमच्या तलाठ्यांनी कॉड वाचला नव्हता हे उघड आहे. पण वर्तुळातला फेरफार क्रमांक ते त्यापूर्वी कितीतरी वर्षे लिहीत आले होते. तेव्हा या विषयात आपण अगदीच अनभिज्ञ आहो, असे मानून बिचकण्याचे कारण नाही.

हे दप्तर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेण्याचा प्रसंगही पहिलाच नव्हे. आमच्या आजोबांच्या पिढीने असे दोन-तीन प्रवास पाहिले. पहिला लिपीचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कचेऱ्यांतून आणि घराघरांतून मोडी चालत असे. मग सर्वत्र बाळबोध आली. मोडीतले कागद नाहीसे झाले नाहीत, शाईही पुसली गेली नाही, केवळ वाचणारे गेले. आज खोताच्या वेळचा कागद माळ्यावर सापडला की तो हातात धरून मोडी जाणणारा शोधीत फिरावे लागते. कागद शाबूत असून माहिती हरवते, ती अशी.

दुसरा प्रवास नाण्यांचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. आणा म्हणजे बरोबर सव्वासहा पैसे. पण सव्वा पैशाचे नाणे नव्हते. म्हणून कोष्टक ठरले ते असे : एका आण्याला सहा नये पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस. दुकानात एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा पैसे पडत, आणि एकदम घेतल्या तर एकोणीस! भाजीच्या व्यवहारात हे हसण्यावारी गेले. जमिनीच्या हिश्शात ते तसे जात नाही. तीन भावांची जमीन असेल, तर प्रत्येकाचा हिस्सा पाच आणे चार पै असा लिहीत. पाच आणे चार पै म्हणजे चौसष्ट पै, म्हणजे १९२ चा बरोबर तिसरा भाग. तीन हिस्से मिळून सोळा आणे पुरे. हाच हिस्सा दशमानात लिहावयाचा झाला तर ३३ पैसे लिहावे लागतील, आणि तीन हिस्से मिळून ९९ होतील. उरलेला एक पैसा कोणत्या भावाचा? जुन्या माणसाने 'पाच आणे चार पै' लिहिले तेव्हा त्याच्या मनात तिसरा भाग होता. आकडा पुढे गेला आणि मनातला तिसरा भाग मागे राहिला, की भाऊबंदकीला बी मिळते.

योगायोग असा की, कुळकायद्याचा कृषक दिनही तोच, १ एप्रिल १९५७. ज्या दिवशी रुपयाचे भाग बदलले त्याच दिवशी कायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली होती. म्हणजे आमच्या कोकणच्या दप्तरात थोड्या वर्षांच्या अंतराने मालक बदलले, नाणी बदलली, लिपी बदलली आणि मागोमाग मापही बदलले.

हे माप म्हणजे तिसरा प्रवास. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढे हेक्टर-आर आले. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे की, गुंठ्याला आर म्हणून मोकळे होण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण चाळीस गुंठ्यांना चाळीस आर म्हणाल, तर एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर जागा कागदावरून नाहीशी होते. शेतात ती असते, कागदावर नसते. बांधावरचा तंटा निम्मा तेथेच तयार होतो.

हे सगळे यंत्र येण्यापूर्वीचे. आता यंत्राकडे वळू.

जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला होता. पुढे ती योजना इतरत्र पसरली. त्या काळी संगणक तालुक्याच्या कचेरीत एकटा बसलेला असे. एका तालुक्याची माहिती दुसरीकडे न्यावयाची तर तबकडीवर उतरवून माणसाबरोबर धाडावी लागे. आणि मराठी लिहिण्याची तर मोठीच अडचण होती. यंत्राला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. रोमन 'ए' या अक्षराला १९६३ सालच्या अमेरिकन कोष्टकात ६५ हा आकडा दिला होता. त्या कोष्टकात देवनागरीला जागाच नव्हती. तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे फॉन्ट तयार केले. त्यांत रोमन अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांचे, कान्यांचे आणि वेलांट्यांचे तुकडे बसविले होते. पडद्यावर दिसायला सुंदर मराठी, पण पोटात आकडे रोमन अक्षरांचे! शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका कचेरीतला मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडावा आणि तेथे तोच फॉन्ट नसावा, की रोमन अक्षरांचा कोंबडीच्या पायांसारखा गिचमिडा समोर येई. आपल्यापैकी ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी छापखान्यात लग्नपत्रिका करवून घेतली असेल, त्यांनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला असेल.

भारतीय लिप्यांसाठी समाईक कोष्टक असावे म्हणून १९९१ साली इस्की नावाचे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी जगातील लिप्यांसाठी युनिकोड या कोष्टकाची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला कायमची जागा मिळाली. 'क' या अक्षराचा तेथील आकडा २३२५. तो खेडमध्ये २३२५, मुंबईत २३२५ आणि लंडनमध्येही २३२५. मोडीलासुद्धा त्या कोष्टकात २०१४ साली जागा मिळाली, हे ऐकून आपणांस समाधान वाटेल. आमच्या आजोबांची लिपी माळ्यावरून उतरून जगाच्या पंगतीला बसली.

पण कोष्टक ठरले म्हणून जुना मजकूर आपोआप नव्या आकड्यांत येत नाही. एक लहान उदाहरण घ्या. 'किती' हा शब्द लिहिताना पुष्कळ जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी आधी टंकावी लागे आणि 'क' नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडात 'क' आधी आणि वेलांटी नंतर, कारण आपण उच्चार तसा करतो. म्हणजे मजकूर बदलताना प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे ठेवावी लागते. जोडाक्षर असेल तर त्याच्याही मागे. एखादी राहून गेली तर ती भलत्याच अक्षराला चिकटते. नाव पडद्यावर जवळजवळ बरोबर दिसते, पण शोधायला गेले की सापडत नाही. नाव सापडले नाही म्हणजे यंत्राच्या लेखी तो माणूस नाही. शाईच्या वहीत वेलांटी चुकली तर तलाठी हसून म्हणे, "अहो, हे तुमचेच नाव." यंत्र हसत नाही.

लिपी झाली, माप झाले. तिसरी आणि सर्वांत अवघड अडचण अर्थाची आहे. याचा अनुभव आम्ही स्वतः घेतलेला आहे. आमच्या परिचयाच्या एका लहान संस्थेत सभासदांची माहिती फॉक्सप्रोमध्ये ठेवलेली होती. १९९० नंतरच्या काळात दुकानांतून, पतपेढ्यांतून आणि ग्रंथालयांतून ही आज्ञावली फार चाले. तिच्या तक्त्याची रचना मोठी शहाणपणाची. प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर त्यातील रकान्यांची नावे आणि लांबी लिहिलेली असते, त्यामुळे दुसऱ्या आज्ञावलीलाही तो उघडता येतो. मूळ कंपनीने फॉक्सप्रोचा आधार २०१५ च्या प्रारंभी काढून घेतला, तरी तिचे तक्ते आजही उघडतात. आमची माहितीही नव्या संगणकावर सहज उघडली. आम्ही खूष झालो. मग लक्षात आले की, एका रकान्याला नुसते 'शेरा' असे नाव आहे आणि त्याखाली कोठे १, कोठे २, कोठे ३. कोठे काहीच नाही. १ म्हणजे काय? ३ म्हणजे काय? कोणालाच सांगता येईना. ज्या कारकुनांनी ते भरले ते निवृत्त होऊन गावी राहात होते. आम्ही त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. चहा झाला. ते म्हणाले, "तीन म्हणजे सभासद वारले, वारसाचा अर्ज आला आहे, पण नाव लावायचे राहिले आहे." बंधुभगिनींनो, त्या एका आकड्यात कित्येक घरांचा हक्क अडकलेला होता, आणि त्याचा अर्थ साऱ्या जगात एका माणसाच्या डोक्यात होता!

आम्ही पुढे विचारले, "आणि कोरी जागा म्हणजे?" ते म्हणाले, "कोरी म्हणजे तपासले नाही. तपासून काही नसेल तर मी शून्य घालीत असे." नव्या आज्ञावलीने कोऱ्या जागांत स्वतःच शून्ये भरून टाकली होती. न तपासलेले सगळे सभासद एका क्षणात तपासलेले ठरले होते. आपल्या जुन्या दप्तरात 'निरंक' असा शब्द लिहितात. तो लिहिणाऱ्याने सही करून सांगितलेले असते की, मी पाहिले आणि येथे काही नाही. 'काही नाही' आणि 'ठाऊक नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दप्तर हलविताना यांची गल्लत झाली तर पुढच्या पिढीला ती शोधूनही सापडत नाही. सुदैवाने जुनी फाईल आम्ही पुसली नव्हती. तिच्यावरून पुन्हा सगळे केले, आणि या खेपेस प्रत्येक आकड्याचा अर्थ एका कागदावर लिहून तो माहितीबरोबरच ठेवला.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या राज्याने सातबाऱ्याच्या बाबतीत अनुभवले. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातील सातबारा ताडून पाहिले तेव्हा ते पुष्कळ ठिकाणी जुळेनात. कोठे नाव गळालेले, कोठे क्षेत्राची बेरीज न जुळणारी, कोठे इतर हक्कांतील नोंद सुटलेली. म्हणून ई-फेरफार प्रकल्पात दुरुस्तीसाठी 'एडिट' आणि 'री-एडिट' अशा खास सोयी करून तलाठ्यांना मूळ वहीशी मेळ घालण्याचे काम दिले. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. म्हणजे संगणकातील नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखविल्या आणि चूक असेल तर सांगा म्हणून विचारले. या विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या यंत्रांवर शेवटी उपाय सापडला तो चावडीवर बसून वाचण्याचा! आम्हांस यात कमीपणा वाटत नाही. नोंद खरी की खोटी हे ज्याच्या जमिनीची ती नोंद आहे त्याला कळते. तेव्हा ती त्याला ऐकवलीच पाहिजे. त्यानंतर २०१८ च्या महाराष्ट्रदिनी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. ही सही म्हणजे शाईची वळणे नव्हेत. संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली ती खूण आहे. मागाहून मजकुरातले एक अक्षर जरी बदलले तरी खूण जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते.

आता वाटणीच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सातबारा एकट्या महसूल खात्याला लागत नाही. दस्त नोंदविला की दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून, तेथील आय-सरिता या प्रणालीतून, त्याची माहिती फेरफारासाठी जाते. बँकेला कर्ज देताना तो पाहावयाचा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तिच्यात शेतकरी आपल्या मोबाइलवरून पिकाची माहिती भरतो आणि ती नमुना बाराकडे जाते. इतक्या वेगळ्या कचेऱ्या, इतकी वेगळी यंत्रे, आणि दप्तर एक. हे कसे साधावे?

पहिला मार्ग सोपा वाटतो. प्रत्येकाला एकेक नक्कल द्यावी. पण नक्कल दिली त्या घटकेपासून ती जुनी होऊ लागते. आज फेरफार मंजूर झाला, बँकेतल्या नकलेत कालचाच मालक. दोन नकला भांडू लागल्या की खरी कोणती हे सांगणारा कोणी उरत नाही. दुसरा मार्ग असा की, मूळ दप्तर एकच ठेवावे आणि सर्वांनी तेथेच येऊन पाहावे. यातही धोका आहे. दोघांनी एकाच वेळी एकाच पानावर लिहिले तर? म्हणून डेटाबेसात कुलपाची योजना असते. एकजण नोंद बदलीत असताना ती नोंद दुसऱ्यास बंद राहते, आणि बदल पुरा झाला तरच टिकतो. मध्येच वीज गेली, आणि ती आपल्याकडे जाते हे मी सांगावयास नको, तर अर्धवट बदल रद्द होऊन पूर्वस्थिती येते. तिसरा मार्ग दुभाष्याचा. बँकेच्या यंत्राने मूळ दप्तराला हात लावावयाचा नाही. त्याने ठराविक भाषेत प्रश्न विचारावा, दुभाष्याने तो दप्तराला विचारून ठराविक भाषेत उत्तर आणून द्यावे. मग आतले यंत्र कोणत्या जातीचे आहे याच्याशी बाहेरच्याला कर्तव्य राहात नाही. आतले यंत्र उद्या बदलले तरी बाहेरच्याचे काम अडत नाही. दोन व्यापारी एकमेकांची भाषा न जाणता समाईक वजनमापांवर व्यवहार करीत, तसेच हे आहे.

आमच्या मते वाटणीचा नियम असा असावा. पाहण्याचा हक्क अनेकांना, लिहिण्याचा हक्क एकाला, आणि कोणी केव्हा काय लिहिले याची नोंद कायमची. जुन्या फेरफारवहीत हाच नियम होता. जुने नाव खरवडून काढीत नसत, त्याला कंस करून नवे नाव त्याखाली लिहीत, आणि शेजारी फेरफाराचा आकडा घालीत. यंत्रात पुसणे फार सोपे आहे. म्हणूनच तेथे न पुसण्याचा दंडक अधिक कडक पाहिजे.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशासाठी? जमीन जागेवर आहे ना? जमीन जागेवर आहे, पण आपण जागेवर नाही! खेड तालुक्यातील किती घरांची कर्ती माणसे मुंबईस आहेत हे या सभेला सांगावयास नको. शिमग्याला आणि गणपतीला ती येतात. एरवी घराला कुलूप. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, आणि त्यांच्या खाली सामाईकांत वीस-पंचवीस नावे. कायदा असा आहे की, फेरफाराची नोटीस काढून हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. आणि अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरून चालावी असे महसूल संहितेचे १५७ वे कलम सांगते. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे हे खरे. पण चुकीची नोंद खोटी ठरविण्याचे ओझे शेवटी आपल्याच डोक्यावर येते. पूर्वी चावडीवर लावलेली नोटीस विरारच्या चाळीत कोण वाचणार? आज 'आपली चावडी' या संकेतस्थळावर ती तेथूनही वाचता येते. एकाच दप्तराची वाटणी नीट झाली तर गाव सोडून गेलेल्या माणसाचा गावातील हक्क असा जागा राहतो. आणि वाटणी निष्काळजीपणे झाली तर तोच माणूस घरबसल्या बेदखल होतो. दोन्ही गोष्टी एकाच यंत्राने घडतात.

आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी जगबुडी बाजारपेठेत शिरली. त्या दिवशी चिपळूणने आणि आपण काय पाहिले ते पुन्हा सांगत नाही. ओल्या वह्या उन्हात वाळवणारे हात आपल्यापैकी अनेकांचेच होते. पुराला वही आणि संगणक सारखेच. म्हणून मूळ दप्तर एक असावे असे जे आम्ही म्हटले त्याला एक पुस्ती जोडतो. लिहिण्याची जागा एक असावी, पण राखणीच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी, उंच जागी, असल्याच पाहिजेत. आणि त्या अधूनमधून उघडून पाहिल्या पाहिजेत. न उघडलेली प्रत ही माळ्यावरच्या मोडी कागदासारखी आहे. ती आहे एवढेच समाधान.

मग आपण नागरिकांनी काय करावे? सरकारचे काम सरकार करील. आपल्या हाती आहे तेवढे सांगतो. घरी गेल्यावर आपला सातबारा आणि आठ-अ काढून पाहा, आणि जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ओळ न् ओळ ताडून पाहा. नाव, क्षेत्र, हिस्सा, इतर हक्क, फेरफाराचा आकडा, सगळे. लेखनातली चूक आढळली तर संहितेच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. जुना उतारा, मग तो कितीही फाटका असो, फेकू नका. नव्या नोंदीची चूक जुन्या नोंदीवरूनच सिद्ध होते. घरात एखादे वृद्ध माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून कोणत्या शेताला काय म्हणतात, कोणता हिस्सा कोणाचा, हे लिहून घ्या. आणि आपल्यापैकी जे पतपेढी, वाचनालय, शाळा, देवस्थान यांचे कारभारी असतील त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या संगणकातील प्रत्येक रकान्याचा अर्थ एका कागदावर लिहून ठेवा. त्या कारकुनांच्या पडवीत आम्हांला चहा मिळाला आणि उत्तरही मिळाले. प्रत्येकाला ते मिळेलच असे नाही. माणसे जातात.

आमच्या आजोबांनी मोडी जाऊ दिली, आणे जाऊ दिले, गुंठे जाऊ दिले, आणि जमीन राखली. ती राखता आली, कारण नव्या वहीत उतरवून घेताना जुनी वही शेजारी उघडी ठेवून कोणी तरी दोन्ही वाचीत बसले होते. यंत्रे आणखी बदलतील. आज जे नवे म्हणून आणले आहे ते आपल्या नातवंडांना मोडीसारखे वाटेल. शेजारी बसून वाचणारा तेवढा प्रत्येक पिढीत निघाला पाहिजे.